ओसू तायको: स्वतःच बसवलेला रियाज 155 पर्यंत चालला, 160 ला हात धावतोय

वडगावचा_डोन

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा, वडगावात राहतो. उद्यमबागेत सीएनसी लेथवर कामाला आहे, पहिली पाळी, सात ते तीन. गेलं दीड वर्ष ओसू खेळायलोय आणि त्यातही फक्त तायको. आमच्या गल्लीत काय, अख्ख्या बेळगावात हा गेम खेळणारा एकही माणूस मला अजून भेटलेला नाही. म्हणून इथं विचारतोय. सीमाभागातलं कुणी असेल तर फार बरं वाटेल.

इथं बरेच जण क्रिकेटचे आणि बंदुकीचे गेम खेळणारे दिसतात, म्हणून आधी थोडक्यात सांगतो. ओसू हा डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन माणसानं 2007 साली काढलेला तालाचा गेम. फुकट मिळतो. त्यात खेळायचे चार प्रकार आहेत, त्यातला तायको म्हणजे जपानी ढोल. जपानात नामको कंपनीचा ढोल वाजवायचा आर्केड गेम 2001 पासून चालतो, हा त्याच धर्तीवरचा. पडद्यावर उजवीकडून गोल येत राहतात. लाल आला की ढोलाच्या मध्यावर मारायचं, त्याला डोन म्हणतात. निळा आला की कडेवर, तो कट. माझ्याकडं ढोल नाही, कीबोर्ड आहे. झेड, एक्स, सी, व्ही ही चार बटणं. मधली दोन डोनची, बाहेरची दोन कटची. मी डावा-उजवा, डावा-उजवा असं न चुकता आलटून पालटून मारतो.

पहिलं वर्ष मी नुसतं आवडतं गाणं लावून खेळत होतो. अवघड मॅप, म्हणजे गाण्यावर बसवलेली गोलांची मांडणी, लावायचा, मरायचं, परत लावायचं. त्यानं काही होत नाही हे कळायला वर्ष गेलं. मग गेल्या दिवाळीनंतर स्वतःच एक रियाज बसवला. तो जसा आहे तसा लिहितो, कारण चूक त्यातच कुठंतरी असणार.

आमच्या घरी पुढच्या सोप्यात चार माग आहेत. अण्णा आणि काका चालवतात, साडीचं काम. सकाळी आठला सुरू होतात ते रात्री आठपर्यंत. मी मागच्या खोलीत बसतो, मध्ये एक भिंत. पाळीवरून आलो, जेवलो, तासभर पडलो की साडेपाचला बसतो. पाऊण तास, जास्त नाही.

पहिली पाच मिनिटं एक सोपा मॅप, हात मोकळे व्हायला. पुढची पंधरा मिनिटं मी स्वतः केलेला मॅप. ओसूच्या एडिटरमध्ये नुसत्या टिकटिकीची फाईल टाकून केलाय. त्यात सगळे डोनच आहेत, रंग नाहीत. एका ठोक्याला चार असे सलग फटके. आधी पाच-पाचचे तुकडे, मग नऊचे, मग सतराचे. असे मॅप 120 बीपीएमपासून (मिनिटाला 120 ठोके) 5-5 नं वाढवत केलेत. त्यानंतर दहा मिनिटं रंगांचे तुकडे: डोन डोन कट, कट डोन डोन, डोन कट कट डोन. शेवटची पंधरा मिनिटं खरी गाणी.

नियम एकच ठेवला. त्या दिवशीच्या वेगाला लागोपाठ तीन वेळा अचूकतेचे 97 टक्के आले तर पुढच्या पायरीवर जायचं, नाही आले तर तिथंच राहायचं. रोजचं लिहून ठेवतो. सुताच्या हिशोबाची जुनी वही आहे, तिची मागची पानं कोरी होती. तारीख, बीपीएम, टक्के, यूआर आणि सरासरी चूक, एवढं एका ओळीत. यूआर म्हणजे फटके किती विखुरले त्याचं माप, दहानं भागलं की मिलिसेकंद मिळतात. सरासरी उणे आली तर फटके लवकर पडतात, अधिक आली तर उशिरा.

या नियमानं 120 वरून 155 ला चार महिन्यांत आलो. दर दोन-सव्वादोन आठवड्यांनी एक पायरी. वहीत ती चढण बघून फार समाधान वाटायचं.

आणि 160 ला अडकलो. आज पाच आठवडे झाले. टक्के 93 च्या पुढं सरकत नाहीत. यूआर 210 च्या आसपास, सरासरी उणे 10. पाचाचे तुकडे नीट येतात. नऊचे शेवटी जरा घसरतात, सतराचे मधनंच फुटतात. मी हिशोब केला: 155 ला दोन फटक्यांमध्ये साधारण 97 मिलिसेकंद असतात, 160 ला 94. तीन मिलिसेकंदांसाठी पाच आठवडे?

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. मागच्या आठवड्यात पावसानं लाईट गेली. माग बंद. लॅपटॉप बॅटरीवर होता म्हणून मी तसाच खेळत राहिलो. त्या दिवशी 160 ला यूआर 178 आला, टक्के 96. एवढं चांगलं आधी कधी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माग सुरू, परत 93. मग वाटलं दोष आवाजाचा. मागाच्या ठोक्यामुळं माझी लय बिघडते की काय? मागाचं बिऱ्हाड तर मी हलवू शकत नाही, ते आमचं पोट आहे.

तर प्रश्न असा: 160 वरच बसून राहू, खाली उतरू, की टक्क्यांचा नियम सोडून 165-170 ला जाऊ? आणि आवाजाचं काय करू? ज्यांनी हे ओलांडलंय त्यांनी तेवढं सांगा.

---

खानापूर_रेंज

भावा, वाचून आनंद झाला. मी खानापूरचा, मोबाईलवर तायको खेळतो. मला वाटलेलं मी एकटाच. मी अजून 130 ला आहे म्हणून सल्ला देत नाही, पण तुझे ते टिकटिकीचे मॅप मिळतील काय? आणि एक विचारतो, कानाला काय लावतोस? मी सहा महिने ब्लूटूथ लावून खेळत होतो आणि माझ्या हातालाच दोष देत होतो. वायरवाले घेतले त्या दिवशी सगळं जागेवर आलं.

---

निपाणी_मिलिसेकंद

निपाणीकर. चार वर्षं तायको खेळतोय, 200 च्या आसपासचे मॅप बऱ्यापैकी होतात. तू वही ठेवलीस म्हणून उत्तर देणं सोपं आहे, नाहीतर लोक नुसतं "जमत नाही" म्हणतात.

आधी ऑफसेट तपास. ऑफसेट म्हणजे आवाज आणि पडदा यांच्यातला फरक जुळवायची सेटिंग. तो चुकला असेल तर तुझी सरासरी सगळ्याच मॅपवर उणे येईल, हळूवरही. 120 चा मॅप लाव आणि सरासरी बघ. तिथं शून्याच्या जवळ असेल आणि 160 ला उणे 10, तर ऑफसेटला हात लावू नको. लोक तिथंच फसतात. 160 चं उणे 10 बघून ऑफसेट फिरवतात, मग बाकी सगळे मॅप उशिरा पडायला लागतात.

आता दुसरं. तू म्हणतोस तीन मिलिसेकंदांचा फरक. माझ्या मते अडचण तीन मिलिसेकंदांची नाहीच. 155 पर्यंत तू बोटांनी मारतोस आणि 160 ला तुझा हात कोपरापासून आकडतो. या दोन वेगळ्या हालचाली आहेत. आकडलेला हात थरथरल्यासारखा चालतो आणि त्याला स्वतःचा एक वेग असतो. तो गाण्याचं ऐकत नाही. माझा तो वेग 185 होता, 175 च्या मॅपवरही मी 185 नंच मारायचो.

तुझा किती ते शोधता येतं. नो फेल (चुकलं तरी गेम संपत नाही ती सोय) लावून 165, 170, 175 असं एकेकदा खेळ. टक्के बघू नको, फक्त सरासरी बघ. ज्या वेगाला सरासरी शून्याशी येईल तो तुझ्या आकडलेल्या हाताचा वेग.

समज तो 170 निघाला. मग 160 च्या मॅपवर तू प्रत्येक फटका साडेपाच मिलिसेकंद आधी मारतोस, कारण 94 च्या जागी तुझं अंतर 88 आहे. पहिला फटका बरोबर पडला तरी पाचवा 22 नं लवकर पडतो. ओडी म्हणजे मॅप वेळेबाबत किती कडक त्याचा आकडा. ओडी 5 ला ग्रेट, म्हणजे पूर्ण गुण, मिळायला अलीकडं-पलीकडं 35 मिलिसेकंदांची जागा असते, म्हणून पाचाचा तुकडा त्यात बसून जातो. आठवा फटका 38 नं लवकर. तो गेला. म्हणून तुझे नऊचे शेवटी घसरतात आणि सतराचे मधनं फुटतात. मधनं फुटतात कारण तिथं तुला कळतं की आपण पुढं गेलो, मग तू थांबून परत जुळवतोस.

हे असंच असेल तर 160 वर आणखी पाच आठवडे बसलास तरी तू तीच चुकीची हालचाल पक्की करशील. टक्क्यांच्या नियमात ही खोट आहे. टक्के फक्त निकाल सांगतात, हात कसा चालला ते सांगत नाहीत. पाचाच्या तुकड्यांमुळं टक्के फुगतात आणि चूक झाकली जाते.

लेझरवर, म्हणजे ओसूच्या नव्या आवृत्तीवर, खेळत असशील तर हाफ टाइम आणि डबल टाइम या गाणं हळू-जलद करायच्या सोयींचा वेग हवा तेवढा बदलता येतो, 5-5 च्या पायऱ्यांची गरज नाही. 157, 158 करून बघ. हात नेमका कुठं आकडतो ते सापडेल.

---

वडगावचा_डोन

दादा, तुम्ही माझ्या शेजारी बसून बघितल्यासारखं लिहिलंय.

काल आणि आज दोन्ही दिवस केलं. 120 ला सरासरी अधिक 1. म्हणजे ऑफसेट ठीक आहे. 165 ला उणे 5. 170 ला उणे 1. 175 ला अधिक 7, आणि तिथं हात सुटून गेला. म्हणजे माझा 170. तुम्ही अंदाजानं लिहिलेला आकडाच निघाला.

मग लेझरमध्ये वेग थोडा-थोडा वाढवत गेलो. 156 ला सरासरी उणे 2. 157 ला उणे 3. 158 ला एकदम उणे 8. मध्ये काहीच नाही. आणि 158 ला मी मुद्दाम हाताकडं बघितलं, पडद्याकडं नाही. मनगटाखाली मी साडीच्या चिंधीची घडी ठेवतो. 157 पर्यंत मनगट त्या घडीवर टेकलेलं होतं. 158 ला दोन्ही मनगटं वर उचललेली, घडीला लागतच नव्हती. डाव्या हाताची करंगळी ताठ उभी. हे मी पाच आठवड्यांत एकदाही बघितलं नव्हतं, डोळे कायम गोलांवर.

खानापूरकर, मी वायरवालाच हेडफोन लावतो. ब्लूटूथचा धडा मीही शिकलोय. मॅप देतो, जरा नीटनेटके करून.

आता हात खाली कसा ठेवायचा? मुद्दाम टेकवला की वेग मरतो. आणि लाईट गेली त्या दिवशी तो आपोआप कसा खाली राहिला, ते अजून कळलेलं नाही.

---

पखवाज_येळ्ळूर

मी गेम खेळत नाही. माझा मुलगा हे वाचत होता, त्यानं दाखवलं. मी येळ्ळूरचा. तीस वर्षं भजनात पखवाज आणि तबला वाजवतो, चार पोरं शिकायला येतात. गेमचं मला कळत नाही, पण हे जे तू लिहिलंस ते प्रत्येक शिकणाऱ्याचं होतं. आम्ही त्याला लय धावली म्हणतो. हात कमी पडतो म्हणून धावत नाही. दोन बोलांमधली जागा ऐकू येईनाशी झाली की धावते.

लाईट गेली तेव्हा काय झालं असेल ते सांगतो. माग बंद पडले आणि तुला तुझ्या बटणांचा आवाज ऐकू आला. तुझा फटका तुझ्याच कानावर पडला. एरवी मागाच्या खटखटाटात तो ऐकू येत नाही, म्हणून तू जोरात मारतोस. जोरात मारायला हात वर उचलावा लागतो. उचलला की आकडतो. मागाच्या ठोक्यानं तुझी लय बिघडवली नाही बाळ, तुझा स्वतःचा आवाज त्यानं झाकला. दिंडीत सुरवातीला प्रत्येक पखवाजवाल्याचं हेच होतं. शंभर टाळ चालू असतात, स्वतःचं वाजवणं ऐकू येत नाही, मग तो थापा हाणायला लागतो आणि अर्ध्या तासात खांदा धरतो.

आता उपाय. महिनाभर वेग वाढवायचं डोक्यातून काढ. मी पोरांना देतो तेच देतो.

पहिलं, तोंडानं म्हण. बटणाला हात लावायचा नाही. डोनला "धा" म्हण, कटला "ता" म्हण, तुला सोपं पडेल ते. हातानं मात्रेला टाळी दे आणि तोंडानं पूर्ण तुकडा स्पष्ट म्हण. जे तोंडातून स्वच्छ येत नाही ते हातातून येणार नाही. आम्ही याला पढंत म्हणतो. आपल्याच राज्यात दक्षिणेकडं मृदंगवाले तीनाला "त कि ट", चाराला "त क धि मि" म्हणून घोटतात. मुलगा सांगतोय की जपानातले ढोलवालेसुद्धा आधी तोंडानंच पाठ करतात, डोन आणि का हे त्यांचे बोलच आहेत. म्हणजे तुझ्या गेममध्ये बोल आधीच दिलेले आहेत, तू ते नुसते रंग म्हणून बघतोस.

दुसरं, मात्रा बदलायची नाही. तुझ्या टिकटिकीवर 80 लाव. हिशोब मुलानं करून दिला, तुझं 160 म्हणजे 80 च्या मात्रेला आठ फटके. तर 80 वर आधी मात्रेला एक. चार मात्रा. मग दोन, मग चार, मग आठ. सगळे चार-चार मात्रा. आणि आठवर थांबायचं नाही. परत चार, दोन, एक असं खाली यायचं. खरी परीक्षा खाली उतरताना आहे. आठमधून चारात येताना जो अडखळतो त्याच्या हातात आठ कधी नव्हतीच, तो नुसता पळत होता. आठमध्ये असताना तोंडानं मात्रा मोजत राहा, मोठ्यानं: एक, दोन, तीन, चार. मोजणं तुटलं की थांब आणि परत एकपासून.

तिसरं, चारातल्या पहिल्या फटक्याला किंचित वजन दे, बाकीचे तीन हलके. सगळे सारखे जोरात मारलेस तर सम कुठं आहे ते तुलाच कळणार नाही. वजन दिलंस की दर चार फटक्यांनी तू घरी येतोस.

हे सगळं माग बंद असताना कर, रात्री आठनंतर. महिन्यानं परत साडेपाचला बस, माग चालू असताना. तोपर्यंत हात हलका झालेला असेल आणि आवाज झाकला गेला तरी तो उचलणार नाही.

---

हिंडलगा_07

वरचं सगळं खरं, पण एक काळजीचं सांगतो. दिवसभर लेथवर आणि नंतर पाऊण तास हे, दोन्हीत तेच स्नायू. मला कोपराच्या खाली बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं होतं, मी महिनाभर "बसेल आपोआप" म्हणून खेळत राहिलो. शेवटी तांब्या उचलताना हातातून सुटायचा. दोन महिने बटणाला हात लावला नाही तेव्हा बरं झालं. दुखणं फटके मारताना असेल तर त्याच क्षणी थांब. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखत असेल तर तो दिवस सुट्टी. खुर्ची एवढी उंच घे की कोपर टेबलाच्या पातळीला येईल. तुझी मनगटं वर उचलली जातात त्याचं एक कारण टेबल उंच असणं हेही असू शकतं.

---

वडगावचा_डोन

येळ्ळूरच्या काकांना नमस्कार. तुम्ही गेम न खेळता एवढं लिहिलंत, मी ते वहीत उतरवून घेतलं. उद्यापासून तसंच करतो. हिंडलगाकर, टेबल मोजलं. ते जुनं शिलाई मशीनचं टेबल आहे, खरोखर चार बोटं उंच पडतंय. खुर्चीवर पोत्याची घडी घातली. दुखत अजून काही नाही, पण सांगितलंत ते लक्षात ठेवतो. महिन्यानं इथंच लिहीन.

---

वडगावचा_डोन (पाच आठवड्यांनी)

मंडळी, महिना म्हटलेलो, पाच आठवडे झाले. मध्ये मंगाईची यात्रा आली, घरात पाहुणे, चार दिवस बसणं झालं नाही.

पहिला आठवडा फार जड गेला. 80 ला एक, दोन, चार, आठ चढत होतो, पण आठमधून चारात येताना दर वेळी एक फटका जास्त पडायचा. मोजणं तर आठमध्ये शिरलं की गप्पच व्हायचं. "तीन" तोंडातून निघायचाच नाही. काका म्हणाले तसं, आठ कधी माझ्या हातात नव्हतीच. चार महिने ज्या चढणीचं मला समाधान वाटत होतं तिच्यातला किती भाग खरा होता, याचा त्या आठवड्यात फार विचार केला. मग मात्रा 80 वरून 66 ला आणली. तिथं मोजत-मोजत उतरता आलं. 66 ला चार दिवस, 70 ला आठवडा, 74 ला आठवडा, मग 80.

पढंतीला आधी लाज वाटायची. रात्री साडेआठला मागच्या खोलीत एकटाच टाळी देत "धा धा ता, धा ता ता धा" म्हणायचो. अण्णा दारात येऊन उभे राहिले एकदा. काही बोलले नाहीत, बसून ऐकलं. मग म्हणाले, दुसऱ्या ओळीला तू घाई करतोस. अण्णांनी आयुष्यात कधी वाद्य वाजवलेलं नाही. पण तीस-पस्तीस वर्षं माग ऐकलाय. धोट्याचा ठोका जरा पुढं-मागं झाला की ते जेवता-जेवता उठून सोप्यात जातात आणि दोरा तुटायच्या आत माग थांबवतात. त्यांना माझी घाई ऐकू आली आणि मला नाही. त्या दिवसापासून आठवड्यातनं दोन-तीनदा ते येऊन बसतात. मी म्हणतो आणि ते नुसतं "हं" किंवा "घाई" एवढंच म्हणतात.

मी एकदा मागाचा आवाज मोबाईलवर घेऊन एडिटरमध्ये टाकून बघितला, टिकटिकीच्या जागी तोच ठोका वापरावा म्हणून. पण तो एका बीपीएमला राहत नाही. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की माग मंदावतो, गल्लीतले दोन-चार माग बंद झाले की परत उचल खातो. डोळ्यांना कळत नाही पण एडिटरमध्ये रेघा लगेच सरकतात. म्हणून टिकटिकच ठेवली.

आता आकडे. कालपर्यंत रात्री, माग बंद असताना: 160 ला यूआर 170, सरासरी उणे 4, टक्के 97 वर. सतराचे तुकडे न फुटता जातात, दहातले आठ तरी. आणि आज पहिल्यांदा साडेपाचला बसलो, चारही माग चालू. पहिल्या वेळी 94. मनगट बघितलं, उचललेलं. परत टेकवलं, 80 ची मात्रा तोंडानं चालू ठेवली, बटणं अगदी हलकी दाबली. स्वतःचा फटका कानाला लागत नव्हता, पण बोटाला लागत होता. बटण तळाला टेकल्याचं कळत होतं. त्यावर भरवसा ठेवून खेळलो. 96. मग 97. तिसऱ्यांदा 96.

रियाज आता असा झालाय: पाच मिनिटं पढंत, पंधरा मिनिटं एक-दोन-चार-आठ चढ-उतार, दहा मिनिटं रंग, दहा मिनिटं गाणी. टक्क्यांचा नियम काढून टाकला. आता पायरी चढायची ती सतराचा तुकडा संपल्यावर लगेच मात्रेला एक फटका जागेवर मारता आला तर. लागोपाठ पाच वेळा. वहीत टक्क्यांच्या रकान्याच्या जागी "मनगट" असा रकाना केलाय, त्यात खाली किंवा वर एवढंच लिहितो.

आता नवीन अडचण आहे. सलग डोनचे फटके सरळ जातात, पण कट डोन डोन कट आलं की डाव्या हाताचं बाहेरचं बोट उशिरा पडतं. निपाणीकर दादा, डावा हात पुढं ठेवून, म्हणजे प्रत्येक तुकडा डाव्यानं सुरू करून घोटला तर चालेल काय? रविवारपासून ते करून बघणार आहे.

खानापूरकर, मॅप तयार आहेत. 66 ते 80 च्या मात्रेचे चढ-उताराचे आठ, आणि 120 ते 170 चे जुने अकरा. जुन्यांतले पाचाचे तुकडे काढून टाकलेत, नऊ आणि सतराच ठेवलेत. मोबाईलवर चालतात काय ते तूच लावून सांग.

---

पखवाज_येळ्ळूर

चालेल. डाव्यानं सुरू कर, पण पहिले चार दिवस नुसतं 40 च्या मात्रेवर. आणि अण्णांना रोज बसव.